सव्वा कोटी ठिपके आणि एक बोट

आयपॅडवर ‘फाइल्स’ उघडावं आणि एखाद्या फोटोवर बोट दाबून धरावं. एक यादी उघडते. तिच्यात ‘क्विक अ‍ॅक्शन्स’, त्यात ‘कन्व्हर्ट इमेज’, त्यात ‘जेपेग’. आकार कोणता हवा ते विचारलं जातं, तो मूळचाच ठेवावा. पापणी लवते न लवते तोच पहिल्या फोटोशेजारी त्याच नावाची दुसरी फाइल येऊन बसते. दोन्ही उघडून पाहिल्या तर फरक शोधूनही सापडत नाही. तेच अंगण, तीच आंब्याची सावली, आजीच्या नऊवारीचा तोच काठ. पण फायलींच्या पोटात डोकावता आलं, तर दोघींच्या मांडणीत काहीही साम्य दिसणार नाही. त्या क्षणभरात आयपॅडने तो फोटो पूर्ण मोडला, ठिपका न् ठिपका सुटा केला आणि अगदी निराळ्या रीतीने पुन्हा रचला.

ज्यांच्या घरी गेल्या काही वर्षांत आयफोन किंवा आयपॅड आला, त्यांची, ही यंत्रं ज्या रूपात फोटो साठवतात त्या ‘एचईआयसी’ या चार अक्षरांशी ओळख बहुधा अडचणीच्या वेळीच झाली असेल. फोटो स्टुडिओतला संगणक फाइल उघडत नाही. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला तर फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. नोकरीच्या अर्जाचं संकेतस्थळ ‘फक्त जेपीजी’ (म्हणजे जेपेगच) म्हणून अडून बसतं. बँकभरतीच्या अर्जात तर फोटो २० ते ५० केबीचा, सही १० ते २० केबीची आणि दोन्ही जेपीजीच, असं बजावलेलं असतं. मग कुणीतरी सुचवतं, फाइलीच्या नावाच्या शेवटचं ‘एचईआयसी’ खोडून तिथे ‘जेपीजी’ लिही. त्याने रूपांतर होत नाही, कारण फाइलीची खरी ओळख तिच्या नावात नसते, पोटात असते. कुठलीही जेपेग फाइल घ्या, तिचे पहिले दोन आकडे २५५ आणि २१६ असतात आणि शेवटचे दोन २५५ आणि २१७. एचईआयसीची सुरुवातच वेगळी: आधी चार आकड्यांत पहिल्या कप्प्याची लांबी, मग ‘एफ-टी-वाय-पी’ ही अक्षरं, आणि त्यानंतर ‘एच-ई-आय-सी’. नाव काहीही द्या, वाचणारा संगणक हे पहिले आकडे पाहतो आणि पुढे काय वाढून ठेवलंय ते ओळखतो.

म्हणून रूपांतराला दुसरी वाट नाही. आधी एक फाइल पूर्ण उलगडायची, तिच्यातून चित्र बाहेर काढायचं आणि मग ते चित्र दुसऱ्या पद्धतीने बांधायचं. हे काम केवढं आहे याचा हिशेब करून पाहावा, म्हणजे त्या एका क्षणाचं मोल कळतं.

आयपॅडच्या १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो ४०३२ ठिपके रुंद आणि ३०२४ ठिपके उंच असतो. गुणाकार केला की १,२१,९२,७६८ ठिपके होतात, म्हणजे जवळजवळ सव्वा कोटी. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा किती हे सांगणारे तीन आकडे लागतात, प्रत्येक ० ते २५५ मधला. एकूण ३,६५,७८,३०४ आकडे. जसेच्या तसे साठवले तर साडेछत्तीस एमबी. पण एचईआयसी फाइल पाहिली तर ती बहुतेक वेळा दोन-तीन एमबीच्या आसपास असते. उरलेले चौतीस एमबी गेले कुठे?

ते लिहिलेच गेले नाहीत. एचईआयसी ही मुळात व्हिडिओसाठी शोधलेली युक्ती आहे. २०१३ साली ‘एचईव्हीसी’ नावाची व्हिडिओ साठवण्याची पद्धत प्रमाणित झाली. चलचित्राची एक चौकट ती इतक्या कमी जागेत बसवत होती, की स्थिर फोटोसाठीही तीच का वापरू नये, हा विचार ओघानेच आला. २०१५ मध्ये त्यासाठीचं फाइलरूप ठरलं आणि सप्टेंबर २०१७ मध्ये अ‍ॅपलने आयओएस ११ बरोबर ते कोट्यवधी हातांत पोचवलं. आपला १२ मेगापिक्सेलचा फोटो साठवताना अ‍ॅपलची यंत्रं त्याचे ५१२ ठिपक्यांच्या चौरसांत तुकडे करतात, आडवे आठ आणि उभे सहा, असे ४८. प्रत्येक तुकडा व्हिडिओच्या एका चौकटीसारखा बांधला जातो.

बांधण्याची रीत मला फार विलक्षण वाटते. चित्र डावीकडून उजवीकडे, वरून खाली, लहानमोठ्या चौकोनांत उलगडत जातं. पुढचा चौकोन आला की आधी त्याच्या डावीकडच्या आणि वरच्या, अगोदर तयार झालेल्या ठिपक्यांवरून अंदाज बांधला जातो: इथे काय असेल? विजेची तार तिरकी खाली उतरत आली असेल तर ती तशीच पुढे जाईल. भिंतीवर उजेड हळूहळू कमी होत आला असेल तर पुढेही तसाच कमी होईल. असा अंदाज बांधायच्या ३५ तऱ्हा आहेत: त्यांतल्या ३३ वेगवेगळ्या दिशा, एक सरासरीची आणि एक सावकाश बदलणाऱ्या पृष्ठभागांसाठी. फाइलीत फक्त दोनच गोष्टी जातात: कोणती तऱ्हा वापरली आणि अंदाज कुठे, किती चुकला. फोटो उघडणारं यंत्र तोच अंदाज स्वतः बांधतं, त्यात चूक तेवढी मिळवतं आणि चौकोन तयार होतो. निरभ्र आकाशाच्या बाबतीत अंदाज इतका बरोबर येतो, की लिहायला जवळपास काही उरतच नाही. गर्दीच्या फोटोला, पानांनी भरलेल्या झाडाला जागा जास्त लागते, कारण तिथे जग अंदाजाला सहज हाती लागत नाही.

‘जेपेग’ निवडल्यावर आयपॅड आधी हे सगळं उलटं करतो. ४८ तुकडे उलगडतो, प्रत्येक अंदाज पुन्हा बांधतो, प्रत्येक चूक मिळवतो, तुकडे जोडतो आणि सव्वा कोटी ठिपक्यांचं सपाट चित्र स्मृतीत उभं करतो. अर्धं काम इथे संपलं. आता १९९२ साली प्रमाणित झालेल्या पद्धतीची पाळी येते.

जेपेगची पहिली चतुराई माणसाच्या डोळ्याशी निगडित आहे. उजेड-अंधारातला बारीक फरक आपल्याला चटकन टिपता येतो. रंगातला बारीक फरक तितका नाही. म्हणून लाल-हिरवा-निळा ही मांडणी सोडून प्रत्येक ठिपक्याचा उजेड वेगळा काढला जातो. त्यात हिरव्याचा वाटा ५८.७ टक्के, लालचा २९.९ आणि निळ्याचा फक्त ११.४, कारण आपल्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ भासतो. उरलेल्या दोन आकड्यांत रंगाची माहिती येते. मग उजेड प्रत्येक ठिपक्याचा ठेवायचा, पण रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच. एवढ्याने निम्मे आकडे गळतात. ३,६५,७८,३०४ चे १,८२,८९,१५२ होतात आणि पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. (एचईआयसीतही रंगाची हीच काटकसर आधी झालेली असते, त्यामुळे रूपांतरात इथे नवं काही हरवत नाही.)

आता चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात. आपल्या फोटोत उजेडाचे १,९०,५१२ चौकोन होतात, रंगाचे धरून २,८५,७६८. आणि इथे ती गोष्ट घडते, जिच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला.

जोसेफ फूरिए हा फ्रेंच गणिती उष्णता धातूतून कशी पसरते याचा अभ्यास करत होता. १८०७ साली त्याने पॅरिसच्या विद्वानांपुढे मांडलं, की कितीही वेडावाकडा आलेख असला तरी तो साध्या, नियमित लहरींची बेरीज करून घडवता येतो. लग्रांजसारख्या थोर गणितज्ञालाही ते पटलं नाही. फूरिएचा ग्रंथ १८२२ मध्ये छापून आला आणि पुढे त्याच्या कल्पनेवर अर्धं आधुनिक विज्ञान उभं राहिलं. फोटोतला चौकोन तरी काय आहे? डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली चढउतार होणारा उजेड. म्हणजे तोही लहरींची बेरीज म्हणून लिहिता येणार.

आठ बाय आठच्या चौकोनासाठी अशा बरोबर ६४ ठरावीक नक्ष्या आहेत. पहिली सपाट, सगळीकडे सारखा उजेड. मग एक सावकाश उतरणारी, मग एक पट्टा, दोन पट्टे, उभे, आडवे, आणि शेवटी बुद्धिबळाच्या पटासारखी दाट चौकटींची. स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा डोळ्यांपुढे आणा, फक्त त्यात सात नाही तर ६४ वाट्या आहेत. जगातला कुठलाही चौकोन, मग तो आजीच्या काठाचा असो की रायगडाच्या कड्याचा, याच ६४ वाट्यांतलं काय किती घ्यायचं ते सांगून तंतोतंत बनवता येतो. ६४ ठिपक्यांच्या जागी ६४ प्रमाणं. आकडे तेवढेच राहिले, म्हणजे अजून जागा वाचलेली नाही. पण आता कळतं, की पहिल्या काही प्रमाणांतच सगळं सार आलंय आणि दाट नक्ष्यांची प्रमाणं बहुतेक वेळा अगदी किरकोळ आहेत.

मग भागाकार होतो. प्रत्येक प्रमाणासाठी एक भाजक ठरलेला असतो. जेपेगच्या मानकात नमुना म्हणून दिलेल्या तक्त्यात पहिल्या सपाट नक्षीचा भाजक १६ आहे आणि शेवटच्या दाट नक्षीचा ९९. समजा पहिल्याचं प्रमाण ३२० आलं, भागून २० उरले. शेवटच्याचं ४० आलं, ९९ ने भागून पाव-अर्ध्याच्या मधलं काहीतरी आलं, जवळचा पूर्णांक घेतला तर शून्य. अशी ढीगभर शून्यं तयार होतात. डोळ्याला जे दिसणारच नव्हतं ते इथे कायमचं गेलं. मग ते ६४ आकडे कोपऱ्यापासून नागमोडी वाटेने वाचले जातात, म्हणजे शून्यं शेवटी एका रांगेत येतात आणि ‘इथून पुढे काही नाही’ एवढ्या एका खुणेने संपतात. उरलेल्या आकड्यांपैकी वारंवार येणाऱ्यांना आखूड खूण, क्वचित येणाऱ्यांना लांब. ही शेवटची युक्ती डेव्हिड हफमनची. एमआयटीत शिकत असताना अंतिम परीक्षेऐवजी निबंध लिहिण्याची मुभा मिळाली, तेव्हा त्याने ती शोधली आणि १९५२ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

आणि ६४ नक्ष्यांची कल्पना? ती बंगळूरच्या माणसाची आहे.

नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळूरला झाला. तिथेच १९६१ मध्ये ते अभियंता झाले, न्यू मेक्सिको विद्यापीठात १९६६ मध्ये त्यांनी डॉक्टरेट घेतली आणि पुढे ते कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवू लागले. कोसाइन लहरी वापरून चित्र थोडक्यात साठवता येईल असं त्यांना जाणवलं. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे या कामासाठी अनुदान मागितलं. ते मिळालं नाही. कल्पना फारच साधी आहे, असा एका परीक्षकाचा शेरा होता, हे अहमद यांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. कल्पना त्यांनी सोडली नाही. १९७३ च्या उन्हाळ्यात पगाराविना ते तिच्यामागे लागले. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सासमधले सहकारी के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये त्यांनी चार पानांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या चार पानांवर जेपेग उभं आहे. एवढंच नव्हे, एचईव्हीसी अंदाजाची चूक लिहिताना मुख्यतः त्याच कोसाइन लहरींचा आधार घेतं. म्हणजे आपण फोटो एचईआयसीतून जेपेगमध्ये नेतो तेव्हा तो अहमद यांच्या एका घरातून निघून त्यांच्याच दुसऱ्या, जुन्या घरात जातो. आपल्याकडे शाळेत शास्त्रज्ञांची चरित्रं शिकवतात, त्यांत हे नाव असायला हवं असं मला मनापासून वाटतं. तुम्ही आज पाहिलेल्या फोटोंतले बहुतेक या माणसाच्या हातून गेलेले आहेत.

मग प्रश्न उरतो, की नवी पद्धत जवळपास निम्म्या जागेत तेवढंच चांगलं चित्र देते, तर जग अजून १९९२ च्या जेपेगलाच का धरून आहे?

कारण जेपेग वाचणं सर्वांना फुकटात शिकवलं गेलं. त्याचं मानक छापून पूर्ण होण्याआधीच, ऑक्टोबर १९९१ मध्ये, ‘इंडिपेंडंट जेपेग ग्रुप’ या स्वयंसेवी गटाने जेपेग वाचणारा-लिहिणारा प्रोग्राम तयार करून सर्वांसाठी खुला केला. कुणीही घ्यावा, आपल्या यंत्रात बसवावा. मग तो ब्राउझरमध्ये गेला, प्रिंटरमध्ये गेला, टीव्हीत, गाडीच्या पडद्यात, रुग्णालयातल्या यंत्रात गेला. एचईव्हीसीभोवती मात्र पेटंटांचं दाट कुंपण आहे. त्याच्या परवान्यांसाठी एकाहून अधिक गट पैसे मागतात. त्यामुळे अँड्रॉइडने २०१८ मध्ये या फायली वाचायला सुरुवात केली, सफारी ब्राउझर २०२३ पासून त्या दाखवतो, पण क्रोम दाखवत नाही. गणितात सरस असलेली पद्धत रस्त्यावर सर्वत्र चालतेच असं नाही.

याची किंमत मे २०२० मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांनी मोजली. कोरोनामुळे शाळकरी मुलांच्या महाविद्यालयीन पातळीच्या ‘एपी’ परीक्षा घरून घेतल्या गेल्या. उत्तरं कागदावर लिहायची, फोटो काढायचा आणि वेळेत अपलोड करायचा. संकेतस्थळ जेपेग आणि पीएनजी घेत होतं. ज्यांच्या आयफोनने एचईआयसी फोटो काढले त्यांतल्या अनेकांची उत्तरं तिथेच अडकली, वेळ संपली आणि जूनमध्ये पुन्हा परीक्षेला बसण्याची पाळी आली. मुलांना विषय येत होता. अडलं ते एका फाइलीच्या पोटातल्या पहिल्या काही आकड्यांवर.

तुमच्यावर अशी वेळ येऊ नये म्हणून वाटा माहीत असू द्या. सेटिंग्जमध्ये ‘कॅमेरा’, त्यात ‘फॉरमॅट्स’, तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं तर पुढचे सगळे फोटो थेट जेपेगमध्ये निघतात. आधी काढलेले मात्र बदलत नाहीत. त्यांच्यासाठी फोटो ‘सेव्ह टू फाइल्स’ करून सुरुवातीला सांगितलेला मार्ग घ्यावा. आयपॅडओएस १६ पासून तो आहे, त्यासाठी कुठलंही वेगळं अ‍ॅप लागत नाही. शंभर-दोनशे फोटो एकदम बदलायचे असतील तर ‘शॉर्टकट्स’मध्ये ‘कन्व्हर्ट इमेज’ची कृती एकदा रचून ठेवावी. आपले खासगी फोटो अनोळखी संकेतस्थळावर चढवून रूपांतर करून घेण्याची सवय मला बिलकुल पटत नाही. जे काम आयपॅड स्वतःच्या स्मृतीत करतो, त्यासाठी घरच्यांचे चेहरे परक्या संगणकावर कशाला पाठवायचे? फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला तर तो वाटेत जेपेग होतो, पण बराच लहानही होतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ एचईआयसीच पोचते आणि समोरच्याची अडचण तशीच राहते. आणखी एक, फोटोसोबत तो कुठे काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांशही जाऊ शकतात. ‘शेअर’ करताना वर दिसणाऱ्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘लोकेशन’ बंद करता येतं.

रूपांतरानंतरची जेपेग फाइल मूळ एचईआयसीपेक्षा मोठी, बऱ्याचदा दुपटीच्या जवळ भरते. मोठी म्हणजे अधिक स्पष्ट असा समज करून घेऊ नये. एचईआयसी बनताना जे वगळलं गेलं ते परत येत नाही, आणि जेपेग बनताना त्या भागाकारात आणखी थोडं जातं. पोर्ट्रेट फोटोतला कोणती वस्तू किती दूर आहे हे सांगणारा खोलीचा नकाशा एचईआयसीच्या वेगळ्या कप्प्यात असतो. रूपांतर केलेल्या प्रतीत तो टिकेलच याचा भरवसा नको. एकदाच्या रूपांतराने डोळ्याला फरक जाणवत नाही. पण तीच जेपेग उघडून, थोडी कापून, पुन्हा साठवून, मग कुणीतरी पुन्हा उजळ करून साठवत गेलं, की दर वेळी भागाकार नव्याने होतो आणि कडांभोवती आठ बाय आठचे ते चौकोन उघडे पडू लागतात.

म्हणून एवढं करा. मामांना, काकूंना, लग्नाचा अल्बम बनवणाऱ्याला फोटो द्यायचे असतील तेव्हा आधी जेपेग करून मगच पेनड्राइव्हमध्ये टाका. त्यांच्या टीव्हीवर, त्यांच्या संगणकावर ते नक्की उघडतील. पण जी एचईआयसी फाइल कॅमेऱ्याने पहिल्यांदा लिहिली ती जपून ठेवा. जेपेग तिच्यातून केव्हाही, हव्या तितक्या वेळा काढता येते. जेपेगमधून ती परत मिळत नाही.